खोक्यातून रुळावर: एचओ डिझेल आणि पाच आयसीएफ डबे

शनिवार, १ जून २०२४

माल असा, सगळा मॉडेल रेल्वेचा: डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिन एक, निळे आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धर्तीचे) डबे पाच. त्यात एक एसएलआर (गार्ड, सामान आणि जनरल एकत्र), दोन स्लीपर, एक थ्री एसी, एक जनरल. सगळं एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणात (नेमकं १:८७.१, खालचे हिशेब त्यानेच). इंजिन सेकंड हँड, कमी चाललेलं, ९,५०० रुपये. डबे नवेकोरे, नगाला २,४००. एकूण २१,५००. प्रत्येक खोक्यावर ‘रेडी-टू-रन’ छापलंय.

नवं इंजिन का घेतलं नाही, हा प्रश्न येणारच. परदेशातून येणारी रेल्वे मॉडेल्स कस्टमच्या लेखी खेळणीच. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. वर जीएसटी आणि कुरिअरची फी. बाहेरची वस्तू दारात येईपर्यंत जवळपास दुप्पट पडते. त्यामुळे मुंबईत बहुतेकांची सुरुवात अशीच होते: जुनं इंजिन, देशी डबे.

टेबल ८ बाय ४ फूट, १२ मिमी प्लाय. घरात ठेवायचं म्हणून ४ बाय ४ चे दोन तुकडे, बोल्टने जोडायचे. बाहेरचा फेरा ५५९ मिमी त्रिज्येचा, आतला ४५७ चा. रूळ निकेल सिल्व्हर, कोड १०० (म्हणजे रुळाची उंची ०.१ इंच). बाहेरच्या फेऱ्याची लांबी ५.९ मीटर.

उद्दिष्ट एवढंच: पाच डबे ओढत ५० फेऱ्या, मग उलट ढकलत ५० फेऱ्या, एकही चाक न उतरता. त्यानंतर रंग, नंबर, दिवे. चाल आधी, दिसणं मागून. हा क्रम उलटा केला की रंगवलेला डबा पुन्हा उघडावा लागतो.

हत्यारं: डिजिटल कॅलिपर (नागदेवी स्ट्रीटला स्वस्तातला मिळतो, ०.०५ मिमीपर्यंत भरवसा ठेवायला हरकत नाही), १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, मल्टिमीटर, आणि सपाटी बघायला फूटभर काच.

रविवार, २ जून

काहीही न उघडता, जसं आलं तसं चालवलं. नोंदीसाठी हे करायलाच हवं, नाहीतर कुठल्या बदलाने काय सुधारलं ते कळत नाही.

वेगाचा हिशेब आधीच करून ठेवा. ५.९ मीटर गुणिले ८७.१ म्हणजे साधारण ५१४ मीटर. ३१ सेकंदांत एक फेरी झाली तर खऱ्या गाडीचा वेग ताशी ६० किमी. आमचे बहुतेक लोक गाडी १२ सेकंदांत फिरवतात आणि मग चाकं उतरतात म्हणून रडतात. ते ताशी दीडशेच्या वर झालं.

इंजिन एकटं: चालतं, पण लंगडतं. सावकाश चालवलं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक् आणि हलका झटका.

पाच डब्यांसकट २० फेऱ्या: ७ वेळा घसरण. त्यातल्या ५ एकट्या जनरल डब्याच्या, त्याही एकाच पॉइंटवर (एका रुळाला दुसरा फुटतो ती जागा). उलट ढकलून पाहिलं तर दुसऱ्याच वळणाला मधले दोन डबे आडवे.

मंगळवार, ४ जून

मापं. हा दिवस सर्वांत उपयोगी ठरला, खर्च शून्य.

आयसीएफ डब्याचा सांगाडा २१,३३७ मिमी लांब, बफरांसकट २२,२९७, रुंदी ३,२४५. एचओमध्ये सांगाडा २४५ मिमी, रुंदी ३७.३. मॉडेल भरलं २३८ लांब, ३७.२ रुंद. रुंदी तंतोतंत, लांबी ७ मिमी कमी. खऱ्या डब्यात ते ६० सेंमी होतात. खिडक्यांची संख्या बरोबर आहे, त्यांच्यामधले खांब जरा बारीक करून लांबी मारलीय. मोजल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही. चालेल.

बोगीची (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीची, अख्ख्या डब्याची नव्हे) गंमत वेगळी. आयसीएफ बोगीच्या दोन आसांमधलं अंतर २,८९६ मिमी, म्हणजे एचओत ३३.२. मॉडेलमध्ये निघालं २८.७. याला ८७ ने गुणलं की २,५०० मिमी. ते जर्मन मिंडेन-डॉइट्झ बोगीचं माप. म्हणजे साचा युरोपीय डब्याचा, वर आपला निळा रंग. बाजूच्या चौकटीवर आयसीएफसारख्या स्प्रिंगा कोरल्यात, पण चाकं जवळजवळ आली ती आलीच. हा दोष दिसतो. बाजूने पाहिलं की बोगी आखूड वाटते आणि डबा तरंगल्यासारखा.

तरंगायला दुसरंही कारण आहे. रुळापासून छताची उंची ४,०२५ मिमी, म्हणजे ४६.२ हवी. भरली ४८.४. बफरचा मध्य १,१०५ मिमीच्या हिशेबाने १२.७ वर हवा, तो १४.१ वर. डबा दोन मिमीच्या वर उंच बसलाय. बोगीच्या साच्याला जुळवायला खालचा आडवा भाग जाड ठेवलाय.

इंजिनाची लांबी १७,१२० मिमी, एचओत १९६.६. मॉडेल १९६. वरचा पत्रा, जाळ्या, कॅबची ठेवण उत्तम. खाली मात्र घोटाळा. अल्कोच्या त्रिआसी बोगीत तीन आसांमधली दोन अंतरं सारखी नसतात, ही तिची ओळखच. मॉडेलमध्ये दोन्ही सारखी. कुठल्या तरी तयार अमेरिकी सांगाड्यावर भारतीय कवच बसवलंय. यावर परवडणारा उपाय नाही, सोडून दिलं.

गेजबद्दल एकदाच लिहितो. आपला ब्रॉड गेज १,६७६ मिमी, एचओत १९.२४. बाजारातला एचओ रूळ १६.५, जो १,४३५ च्या युरोपीय गेजसाठी आहे. म्हणजे प्रत्येक तयार भारतीय मॉडेल पावणेतीन मिमी अरुंद रुळावर उभं आहे, जवळपास १४ टक्के. समोरून पाहिलं की चाकं पोटात गेलेली दिसतात. ज्याला हे खुपतं त्याने रूळ हाताने बनवायची तयारी ठेवावी, पॉइंटसकट. बाकीच्यांनी सुरुवातीलाच मान्य करून टाकावं आणि दुकानदाराशी यावरून भांडू नये.

शनिवार, ८ जून

चाकं. घसरणीचं अर्धं उत्तर इथे असतं.

आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर (बॅक-टू-बॅक) १४.४ मिमीच्या आसपास हवं. वीस आस तपासले. अकरा ठीक, सहा १४.१ ते १४.२, तीन तर १३.८. ते तिन्ही जनरल डब्यातले. अंतर कमी असलं की चाकाची पाठ पॉइंटवरच्या चेक रेलवर (चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या आतल्या जादा रुळावर) चढते आणि डबा तिथेच उतरतो. पॉइंटला दोष देत होतो तो फुकट.

प्लास्टिकची चाकं आसावर सरकवता येतात, पण पुन्हा सरकतात. शिवाय त्यांना काळा चिकट थर लगेच धरतो. म्हणून सगळी धातूची घेतली. इथे आपलं नशीब चांगलं: आयसीएफचं चाक ९१५ मिमी, म्हणजे ३६ इंच. अमेरिकी एचओमधलं ‘३६ इंची’ चाक १०.५ मिमीचं असतं, तेच आपल्याला हवं. १२ आसांचं पाकीट १,४५० रुपये, दोन पाकिटं.

घेण्याआधी आसाची टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजा. अमेरिकी आस साडेपंचवीसच्या आसपास, ब्रिटिश २६, युरोपीय त्याहून आखूड. आमच्या बोगीत जुना आस २५.६ चा होता म्हणून अमेरिकी सरळ बसला. लांब आस कोंबला तर बोगीच्या बाजू बाहेर फाकतात आणि चाक अडतं. आखूड असला तर डबा डुलतो.

काचेवर रुळाचा तुकडा ठेवून एक टोक हळूहळू उचललं. प्लास्टिकच्या चाकांवर डबा मीटरला ३० मिमी चढ झाल्यावर निघाला. धातूच्या चाकांवर १२ मिमीला. इंजिनाच्या दृष्टीने ओझं निम्म्याहून खाली.

आणखी एक फायदा. जुनी चाकं ११.३ मिमीची होती, नवी १०.५. डबा आपोआप ०.४ मिमी खाली आला.

शनिवार, १५ जून

वजन. डबे प्रत्येकी १०४ ग्रॅम. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस: १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपला डबा बफरांसकट पावणेदहा इंच, म्हणजे १६५ ग्रॅमच्या घरात. ६० ग्रॅम कमी.

गाडीच्या चाकाचं बॅलन्सिंग करतात त्या चिकट वजनपट्ट्या घ्या. पूर्ण पट्टी बरोबर ६० ग्रॅमची येते, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे पाडता येतात. टायरवाल्याकडे ३० रुपयांना एक.

चूक: पहिल्या तीन पट्ट्या न विचारता घेतल्या, त्या लोखंडी निघाल्या. आठवड्यात कडेला तांबूस पावडर दिसायला लागली. पावसाळ्यात मुंबईत लोखंड डब्यात बंद करणं म्हणजे आतून रंगकाम काढणं. शिवाय कपलर (डबे एकमेकांना जोडणारे हूक) सोडवायला रुळाखाली लोहचुंबक बसवणार असाल तर लोखंडी वजनाचा डबा त्यावर अडखळतो. पुन्हा गेलो तेव्हा आधी विचारलं, “दादा, शिशाची आहे का? लोखंडाची नको.” त्याने खालच्या खणातून जुना साठा काढून दिला. पाच पट्ट्या १५० रुपये, वाया गेलेल्या तिनांचे ९० वेगळे. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कापताना कानस मारू नका, पक्कडीने तोडा.

वजन मधोमध ठेवू नका. अर्धं अर्धं दोन्ही बोग्यांच्या बरोबर वर, आणि जमिनीलगत. पट्टीचा स्वतःचा चिकटपणा उन्हाळ्यात सोडतो, म्हणून खाली दोन थेंब कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह. फेव्हिक्विक लावू नका, त्याची वाफ खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. एका स्लीपरच्या दोन खिडक्या त्याने गेल्या.

रविवार, २३ जून

उंची उतरवण्याचा प्रयत्न. अर्धा फसला.

चाकं बदलून छत ४८.० वर आलं होतं. बोगीच्या वरचा गोल उंचवटा कानशीने १.५ मिमी उतरवला, छत ४६.५. टेबलावर उभा डबा अगदी खरा दिसला. रुळावर आतल्या फेऱ्यात घातला तर किर्र आवाज. चाकाची कड डब्याच्या तळाला घासत होती. वळणावर बोगी फिरते तेव्हा चाक तळाच्या कडेच्या पट्टीखाली जातं, आणि तिथे जागाच उरली नव्हती.

शेवटी प्रत्येक बोगीवर पाव मिमीचे तीन फायबर वायसर घातले. छत ४७.२५, म्हणजे अजून एक मिमी उंच. डोळ्याला खुपत नाही. पुन्हा करायचं झालं तर उंचवटा न कानसता आधी तळाला चाकांच्या वर खाचा पाडीन, मग हळूहळू उतरवीन. कानसलेलं परत येत नाही.

बोगीचे स्क्रू आवळण्याची रीत: एका बाजूची बोगी अशी आवळा की फक्त पुढेमागे झुलेल, बाजूला नाही. दुसरी सैल ठेवा, सगळीकडे हलेल. स्क्रू पूर्ण बसवून एक फेरा मागे. तिवईसारखं तीन ठिकाणी टेकलं की डबा वाकड्या रुळावरही चारही कोपरे टेकवतो. खोक्यातून आलेल्या पाचही डब्यांत दोन्ही बोग्या घट्ट होत्या.

त्याच दिवशी कपलर. मूळचे हूक बोगीला जोडलेल्या जिभेवर होते. ओढताना ठीक. ढकलताना मात्र सगळा जोर बोगीला तिरका ढकलतो आणि वळणावर ती रूळ सोडते. २ जूनची उलटी घसरण याचीच. जीभ कापून केडी या अमेरिकी कंपनीचे कपलर डब्याच्या तळाला बसवले, २ मिमी स्क्रूने, उंची गेज लावून. डब्यांचे दहा आणि इंजिनाचे दोन, मिळून १,९०० रुपये. कपलरखालची लोंबती तार पॉइंटच्या मधल्या भागाला लागत होती. अर्धा मिमी वर वाकवली.

याची किंमत: तळाला बसवलेला कपलर ४५७ च्या वळणात पुरत नाही, लांब डबे एकमेकांना बाहेर खेचतात. आतला फेरा आता फक्त इंजिन आणि एकेका डब्याच्या शंटिंगपुरता.

शनिवार, २९ जून

इंजिन उघडलं. कवच चार खटक्यांवर बसलंय, टाकीच्या दोन्ही बाजूंनी नखाने फाकवलं की निघतं. स्क्रू शोधत अर्धा तास गेला, स्क्रू नाहीतच.

पहिली तपासणी धातूच्या सांगाड्याची. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ असेल तर काही वर्षांनी तो फुगतो, चिरा पडतात, राखाडी भुकटी सुटते. सेकंड हँड घेताना हे दुकानातच बघावं. एकदा लागलं की इंजिन कचरा. इथे सुदैवाने स्वच्छ.

ग्रीस मेणासारखं घट्ट. सगळे गिअर काढून आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) दात घासायच्या ब्रशने धुतले. आणि टक् टक् सापडलं. आसांवरच्या सहा गिअरपैकी चार चिरलेले. आसाची दातेरी टोकं प्लास्टिक गिअरच्या भोकात दाबून बसवलेली असतात. वर्षानुवर्षं ताण राहतो आणि गिअर आडवा तडकतो. चीर उघडली की दोन दातांमधलं अंतर वाढतं, वर्मपाशी (मोटरकडून फिरणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरपाशी) आलं की अडतं. म्हणून फेऱ्याला एकदाच झटका.

इथली चूक लिहून ठेवतो, म्हणजे कुणी करणार नाही. फेव्हिक्विकने चिकटवून पाहिलं. दोन दिवस चाललं. हे प्लास्टिक अॅसिटल असतं, गुळगुळीत आणि तेलकट, त्याला कुठलाच गोंद खरा धरत नाही. बदलण्यावाचून पर्याय नाही.

गिअर मागवताना दातांची संख्या, बाहेरचा व्यास, भोकाचा व्यास, जाडी, हे चारही पाठवा. मॉडेलचं नाव सांगून उपयोग होत नाही, एकाच नावाखाली वेगवेगळ्या बॅचमध्ये वेगळे गिअर असतात. सहा गिअर, टपालासकट १,१५०. चारच चिरले म्हणून चारच मागवू नका. उरलेले दोन रांगेत आहेत.

शनिवार, १३ जुलै

गिअर यायला दोन आठवडे. या काळात काम ठप्प.

बसवण्याआधी आसाची दातेरी टोकं ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकी फिरवली, दहा-बारा वेळा. ताण थोडा कमी झाला तर नवाही लवकर चिरणार नाही. हातोडी नाही, व्हाइसच्या जबड्यांना पुठ्ठा लावून हळू दाबलं. प्रत्येक आसानंतर कॅलिपरने १४.४. पहिल्याच आसाला जास्त दाबलं गेलं, १४.० झालं, परत ओढायला पाऊण तास.

ग्रीस प्लास्टिकला चालणारं, वर्मवर तांदळाच्या दाण्याएवढं, बस. मोटरच्या दोन्ही बेअरिंगना सुईच्या टोकाने एकेक थेंब शिलाई मशीनचं तेल. गंज सोडवायचे स्प्रे इथे मारू नका, ते उडून जातात आणि मागे चिकट थर ठेवतात.

मग मल्टिमीटर. बारा चाकांपैकी प्रत्येकातून वीज वर पोचते का पाहिलं. तीन चाकं मुकी. तांब्याची पट्टी चाकाच्या पाठीला टेकतच नव्हती. चिमट्याने किंचित वाकवून टेकवली, जोरात नाही. जोरात टेकली की ब्रेकचं काम करते. आता बाराही बोलतात. पॉइंटवरचं अडखळणं गेलं.

१२ व्होल्टवर चालताना ०.३२ अँपिअर (आधी ०.५ च्या वर), चाकं धरून ठेवली तर ०.८५. टक् टक् बंद. एका व्होल्टाच्या थोडं वर रांगायला लागतं.

शनिवार, २० जुलै

इंजिनाच्या खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिलंय. डीसीसी म्हणजे रुळातून डिजिटल हुकूम पाठवून गाडी चालवणं, डीकोडर म्हणजे ते हुकूम वाचणारं इंजिनातलं छोटं सर्किट. त्याचा अर्थ फक्त आठ भोकांचं सॉकेट आहे. डीकोडर नाही, त्याला जागा आहे याचीही हमी नाही.

डीकोडर लावण्याआधी एक तपासणी कधीच चुकवू नका. सॉकेटमधली डमी प्लेट काढा. मोटरचं एक टोक आणि प्रत्येक बाजूची चाकं यांत मल्टिमीटर लावा. काहीही वाजता कामा नये. इथे वाजलं. मोटरच्या खालच्या ब्रशची स्प्रिंग धातूच्या सांगाड्याला टेकत होती. साध्या डीसीवर हे कळत नाही, गाडी मजेत धावते. डीकोडर लावला असता तर पहिल्याच क्षणी जळला असता, ३,२०० रुपये. कॅप्टॉन टेपचे, म्हणजे त्या पिवळसर उष्णतारोधक टेपचे, दोन थर दिले, पुन्हा मोजलं, शांत.

तारांचे रंग ठरलेले: नारिंगी आणि करडी मोटरला, लाल आणि काळी रुळाला, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी दिव्यांची सामाईक. प्लग उलटा बसला तर काही जळत नाही, दिवे लागत नाहीत आणि गाडी उलट धावते. असं झालं तर तारा न उकलता प्लग फिरवा. पत्ता कारखान्यातून ३ येतो.

जागेसाठी वजनाच्या ठोकळ्याचा कोपरा कापावा लागला. १४ ग्रॅम गेले. ओढण्यात फरक नाही.

हेडलाइट निळसर पांढरा एलईडी होता, आजच्या मोबाइलच्या टॉर्चसारखा. लॅमिंग्टन रोडवरून वॉर्म व्हाइट एलईडी आणि १ किलोओहमचे रेझिस्टर, सगळे मिळून ९० रुपये. अख्ख्या प्रकल्पात इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

रविवार, २८ जुलै

मधले काही दिवस टेबल बंद होतं, बाहेर संततधार. जोडलं तर दोन तुकड्यांच्या सांध्यावर रुळांची टोकं अर्ध्या मिमीहून जास्त वरखाली, आणि मधली फट बंद. इंजिन तिथे उडी मारतं, जनरल उतरतो.

पहिला संशय रुळाच्या प्रसरणावर जातो. तो चूक. निकेल सिल्व्हर १० अंशांनी तापलं तरी मीटरमागे पाव मिमीही वाढत नाही. फुगतं ते लाकूड: प्लायच्या उघड्या कडा आणि खालची पाइनची चौकट. वरून रंग होता, खालून आणि कडेने काहीच नव्हतं. दमट हवा तिथूनच शिरली.

केलेलं काम: चौकट रात्रभर पंख्याखाली. कडांना आणि तळाला पॉलियुरेथेनचे दोन हात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली पितळी स्क्रू रोवले, त्यांची डोकी रुळाच्या पातळीला आणून रूळ त्यांवर सोल्डर केले. मग पातळ कटिंग डिस्कने फट एक मिमी उघडली. ही सोल्डरिंग मे महिन्यात न करता आत्ता, लाकूड फुगलेलं असतानाच केली ते बरं झालं. उन्हाळ्यात फट थोडी वाढेल, पण बंद होऊन रूळ उचलणार नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

नंबर आणि वार्निश.

थ्री एसी डब्यावर छापलेला नंबर २५४ ने संपतो. रेल्वेच्या जुन्या, पाच आकडी पद्धतीत पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष, शेवटचे तीन डब्याचा प्रकार सांगतात. थ्री एसीला १०१ ते १५०, स्लीपरला २०१ ते ४००, जनरलला ४०१ ते ६००, एसएलआरला ७०१ ते ८००. म्हणजे वातानुकूलित डब्यावर स्लीपरचा नंबर. आणि दोन्ही स्लीपरवर एकच नंबर, कारण कारखान्यात एकाच शिक्क्याने छापले. पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर (डिकल) छापून घेतले, ८०० रुपये. जुना नंबर काढायला आयपीए कापसाच्या बोळ्यावर, हलक्या हाताने, दर दहा सेकंदांनी थांबून. जोर लावला तर खालचा निळाही येतो. एसएलआरच्या कोपऱ्यावर आलाच.

शेवटच्या डब्याला ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल) पाटी आणि पाठीवर पिवळी फुली लावली. खोक्यात नव्हती.

वार्निशने मात्र दगा दिला. स्प्रेचं मॅट लॅकर मारलं, पाच मिनिटांत निळा डबा दुधाळ. पावसाळी हवेत लॅकर उडताना पृष्ठभाग गार करतं, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि आत अडकतं. रिटार्डर थिनरचा हलका फवारा दिल्यावर बरचसं निवळलं, एसएलआरच्या छतावर सावट राहिलंच. उरलेले चार डबे पाण्याच्या अॅक्रिलिक मॅटने, रुंद मऊ ब्रशने केले. दोन्ही मिळून ६२० रुपये. मुंबईत स्प्रे करायचा तर नोव्हेंबरपर्यंत थांबा.

रविवार, १८ ऑगस्ट

चाचणी. पुढे ५० फेऱ्या, ३१ ते ३३ सेकंदांनी एक. घसरण शून्य. कपलर एकदा सुटला, दुसऱ्या स्लीपरचा, सांध्यावर. उलट ढकलत ५० फेऱ्या: ३८ व्या फेरीत थ्री एसीची मागची बोगी उतरली. स्क्रू अर्धा फेरा सैल केला, पुन्हा पहिल्यापासून ५० काढल्या, स्वच्छ.

पैसे: चाकं २,९००, वजन २४० (वाया गेलेल्या ९० सकट), कपलर १,९००, गिअर १,१५०, डीकोडर ३,२००, दिवे ९०, डिकल ८००, वार्निश ६२०. एकूण १०,९००. मूळ २१,५०० धरून ३२,४००. म्हणजे ‘रेडी’ मालाला चालता करायला किमतीच्या निम्म्याहून जास्त. डीकोडर नको असेल तर ७,७००. वेळ ४१ तास, त्यातले सहा निव्वळ चुका निस्तरण्यात.

यातलं पैसावसूल काय ते विचाराल तर चाकं, वजन आणि बोगीचे स्क्रू. ३,१४० रुपयांत घसरणीचा बहुतेक प्रश्न मिटतो. नवे डबे घेताना दुकानातच कॅलिपर लावा. १४ च्या खालचा आस दिसला तर चाकांचे पैसे भावातून कापून मागा. एकाने तक्रार न करता कापून दिले, दुसऱ्याने खोकं परत ठेवून घेतलं.

उरलेलं: दुसऱ्या स्लीपरच्या कपलरची उंची ०.३ मिमी कमी आहे, एक पाव मिमीचा वायसर घालायचाय. एसएलआरचं छत नोव्हेंबरात पुन्हा. चार आस शिल्लक आहेत, पँट्री कारसाठी ठेवलेत.